विद्येचा मान आणि मानाची विद्या

१

छांदोग्य उपनिषदात दोन विद्यार्थ्यांच्या कथा आल्या आहेत. एक सहाव्या अध्यायातील श्वेतकेतूची आणि दुसरी चौथ्या अध्यायातील सत्यकाम जाबालाची. श्वेतकेतू हा उद्दालक आरुणीसारख्या ज्ञात्याचा मुलगा. तो बारा वर्षांचा झाला तेव्हा पित्याने त्यास गुरुगृही जाण्यास सांगितले. त्याचे कारण पित्याने दिले ते मोठे लक्षणीय आहे. आपल्या कुळात अध्ययन न करता केवळ जन्माने ब्राह्मण म्हणविणारा कोणी झालेला नाही, असे तो सांगतो. म्हणजे या मुलाच्या शिक्षणाचा आरंभ जिज्ञासेतून झालेला नसून कुलाभिमानातून झालेला आहे. बारा वर्षांनी श्वेतकेतू सर्व वेद शिकून परत आला, तो ताठ मानेने आणि स्वतःस पंडित समजत. ज्याने न ऐकलेले ऐकल्यासारखे होते आणि न जाणलेले जाणल्यासारखे होते, असे काही तू विचारलेस काय, असे पित्याने त्यास विचारले, तेव्हा त्याच्यापाशी उत्तर नव्हते. अभिमानाने त्यास विद्येच्या दारापर्यंत नेले आणि त्याच अभिमानाने त्यास दाराशी उभे केले. खरे शिक्षण सुरू झाले ते मुलाने अज्ञान कबूल केल्यानंतर.

सत्यकामाची कथा याच्या नेमकी उलट दिशेने जाते. त्याला कुळ नाही. निदान सांगता येण्याजोगे नाही. आईला गोत्र विचारले तर तिलाही ते ठाऊक नाही. तरुणपणी अनेकांच्या घरी राबत असता तू मला झालास, असे ती सांगते. हारिद्रुमत गौतमाने गोत्र विचारले तेव्हा मुलाने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आणि गौतमाने त्याचा स्वीकार केला. या कथेचा गौरव सत्याच्या महिम्यासाठी पुष्कळ झाला आहे, आणि तो योग्यही आहे. तथापि गौतमाच्या उत्तरातील एक बारकावा सहसा नजरेआड होतो. असे स्पष्ट सत्य अब्राह्मण बोलू शकणार नाही, असे तो म्हणतो. म्हणजे मुलाच्या सत्यनिष्ठेमुळे गोत्राची अट रद्द झाली असे नव्हे. ती सत्यनिष्ठा हाच गोत्राचा पुरावा मानला गेला. दार उघडले, पण दारावरील पाटी तशीच राहिली.

शिक्षणाची प्रेरणा आणि सामाजिक प्रतिष्ठा यांचे नाते या दोन कथांत बीजरूपाने आलेले आहे. ज्याला प्रतिष्ठा वारशाने लाभली, त्याला ती राखण्यासाठी शिकावे लागते. ज्याला ती लाभली नाही, त्याला ती मिळविण्यासाठी शिकावेसे वाटते. दोघांच्याही बाबतीत विद्या ही विद्येखेरीज दुसऱ्या कशाची तरी खूण होऊन बसते. ही खूण विद्येला पोषक केव्हा होते आणि मारक केव्हा, हा प्रश्न शिक्षणशास्त्राइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. कारण गेल्या दीडशे वर्षांत शिक्षणाने माणसाच्या मनात काय उलथापालथ केली याची सर्वांत विश्वासार्ह साक्ष भारतीय भाषांतील आत्मचरित्रांनी दिलेली आहे, आणि मराठीचा त्यातील वाटा मोठा आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करावयास हवा. मराठीत या एका भावनेच्या प्रदेशात किती तरी शब्द आहेत, आणि ते परस्परांचे पर्याय नाहीत. ‘मान’ हा दुसऱ्याने द्यावयाचा असतो. मानाचा विडा, मानाचे पान, मानकरी, मानपान या सर्व शब्दांत देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष गृहीत धरलेले आहेत. शिवाय कोणाला आधी आणि कोणाला मागाहून, हा क्रमही गृहीत आहे. ‘अब्रू’ आणि ‘इभ्रत’ ही मुख्यतः घराण्याची असते आणि ती जाण्याचीच भीती अधिक. ‘गर्व’ आणि ‘ताठा’ यांत मान मिळून गेल्यानंतरचा फुगवटा आहे. ‘अभिमान’ हा शब्द दोन्हीकडे झुकतो. संस्कृतात त्यात अहंकाराची छटा प्रबळ होती, आधुनिक मराठीत तो स्तुतिवाचकही झाला. ‘स्वाभिमान’ हा मात्र निराळा आहे. त्याला प्रेक्षक लागत नाही. दुसऱ्याने मान दिला नाही तरी तो टिकू शकतो. किंबहुना मान नाकारला गेला म्हणजेच तो प्रकट होतो.

युरोपीय विचारात हाच भेद रूसोने १७५५ सालच्या विषमतेवरील प्रबंधात केला होता. स्वतःच्या रक्षणाची सहज ओढ ही एक गोष्ट आणि इतरांच्या डोळ्यांत स्वतःस पाहून उत्पन्न होणारे आत्मप्रेम ही दुसरी, असे त्याने दाखविले. पहिली निसर्गाची आणि दुसरी समाजाची. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथात त्याने यावरून शिक्षणाचा एक नियमच काढला : मुलाची तुलना दुसऱ्या मुलाशी करू नये, करावयाची तर त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षीच्या शक्तीशी करावी. चढाओढीने मूल लवकर शिकते हे रूसोला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु अशा रीतीने शिकलेले मूल विषयाकडे न पाहता शेजाऱ्याकडे पाहावयास शिकते, हे त्याला अधिक महत्त्वाचे वाटले.

रूसोचा एमिल हा एकटा, सुखवस्तू आणि कल्पित मुलगा आहे. त्याला वर्गात बसावयाचे नाही, त्यामुळे कोठे बसावयाचे हा प्रश्नही त्याच्यापुढे नाही. भारतीय शाळेचा इतिहास मात्र कोठे बसावयाचे या प्रश्नापासूनच सुरू होतो. डॉ. आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत असताना बसण्यासाठी घरून गोणपाट नेत असत, आणि शाळेच्या गड्यालाही त्या गोणपाटाचा स्पर्श चालत नसे, हे त्यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. अशा ठिकाणी तुलना टाळण्याचा उपदेश करून भागत नाही. तुलना तेथे अभ्यास सुरू होण्यापूर्वीच झालेली असते.

३

एकोणिसाव्या शतकात या तुलनेची साधने बदलली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले, न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर हे त्यांतलेच. या घटनेचा सामाजिक अर्थ असा की, प्रतिष्ठेला आता जन्माबरोबरच कागदाचाही आधार मिळाला. पाठशाळेतील शास्त्र्याची योग्यता वादसभेत सिद्ध होत असे. नव्या विद्वानाची योग्यता परीक्षकाच्या सहीने सिद्ध होऊ लागली. प्रमाणपत्र हे सरकारी नोकरीचे दार, नोकरी हे कुटुंबाच्या इभ्रतीचे दार, आणि विवाहाच्या बाजारात पदवी हा हुंड्याचा आकडा, अशी साखळी जुळून आली.

धोंडो केशव कर्वे यांच्या १९१५ सालच्या ‘आत्मवृत्त’ या ग्रंथातील एक प्रसंग या नव्या जगाचे स्वरूप मोठ्या साधेपणाने दाखवितो. कोकणातील मुरूड गावचा हा मुलगा सहावीची सरकारी परीक्षा देण्यासाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. तेथे पोहोचल्यावर, वयाचा दाखला जवळ असतानाही, तो फार लहान दिसतो एवढ्यावरून त्यास परीक्षेस बसू दिले गेले नाही. इतकी पायपीट कशासाठी? पुस्तके मुरुडातही मिळाली असती, पण शिक्का साताऱ्यातच मिळत होता. कर्व्यांची ज्ञानलालसा खोटी होती असा याचा अर्थ नव्हे. त्यांचे पुढील आयुष्यच त्याला उत्तर आहे. अर्थ एवढाच की, ज्ञानलालसेलाही आता शिक्क्याच्या वाटेने जावे लागत होते, आणि पुष्कळांच्या बाबतीत वाट हेच मुक्कामाचे ठिकाण झाले.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली ऐषआरामी वर्गाची मीमांसा करताना शेवटचे प्रकरण उच्च शिक्षणास दिले. झगे, समारंभ, पदव्या आणि मृत भाषांचे अध्ययन यांचे मोल त्यांच्या उपयोगात नसून, ज्याला पोटासाठी घाई नाही असा माणूसच ती मिळवू शकतो या दाखवणुकीत आहे, असे त्याने म्हटले. भारतात ही दाखवणूक दुहेरी होती. संस्कृत ही जन्मसिद्ध प्रतिष्ठेची भाषा आणि इंग्रजी ही राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेची. लोकांच्या बोलीला या दोहोंच्या मध्ये कोठेच मान नव्हता.

जोतीराव फुले यांनी हे नेमके ओळखले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या या माणसाने १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. अज्ञानामुळे नाडला जाणारा शेतकरी आणि त्याची बायको शेवटी शिकण्याचा निश्चय करतात, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारले नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी वरिष्ठ वर्गाला शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल या धोरणाचा प्रतिवाद केला आणि प्राथमिक शिक्षणावर भर देण्याची मागणी केली. प्रतिष्ठेच्या दृष्टीने पाहता त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. ज्या वस्तूचे मोल ती थोड्यांपाशी असण्यावर अवलंबून असते, ती वस्तू तिचे मालक स्वखुशीने खाली झिरपू देत नाहीत. विद्या ज्ञान म्हणून वाटली तर वाढते. मान म्हणून वाटली तर घटते.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात याच अभिमानाचा उलट बाजूने उपयोग करून पाहिला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले आणि पुढील काळात जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. जातवार वसतिगृहे ही कल्पना समतेच्या तत्त्वाशी विसंगत दिसते. परंतु आपल्या लोकांचे घर, आपल्या लोकांचा मुलगा पुढे गेला, या भावनेने ज्या घरांतून कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते तेथून मुले आली. १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करताना याच पायाभरणीचा उपयोग झाला. सामूहिक अभिमान हा येथे शिडीसारखा वापरला गेला. शिडी ही चढण्यासाठी असते. तिच्यावरच बिऱ्हाड थाटले म्हणजे काय होते, हे पुढे शिक्षणसंस्थांच्या जातवार राजकारणाने दाखविलेच.

४

अवमान ही शिक्षणाची मोठी प्रेरणा आहे, असे सर्रास म्हटले जाते. अपमान झाला, मुलगा पेटून उठला, शिकला आणि मोठा झाला, या घाटाची चरित्रे शालेय पुस्तकांतून मुलांस सांगितली जातात. हा घाट सोयीचा आहे. कारण त्यात अपमान करणाऱ्या समाजाला जणू अप्रत्यक्ष श्रेय मिळते. दलित आत्मकथने बारकाईने वाचली तर मात्र निराळेच चित्र दिसते.

हिंदीतील ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या ‘जूठन’ (१९९७) या आत्मकथनात मुख्याध्यापक लहान मुलाला वर्गाऐवजी शाळेचे आवार झाडण्यास लावतात, हा प्रसंग आहे. मूल मुकाट्याने झाडत राहते. या अवमानाने त्याच्या मनात विद्येची जिद्द उत्पन्न होत नाही. केवळ भय आणि लाज उत्पन्न होते. प्रसंग पालटतो तो वडील तेथे येऊन पोहोचतात तेव्हा. ते मुलाच्या हातातील झाडू हिसकावून फेकतात आणि मुख्याध्यापकास जाब विचारतात. मराठीत ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये असेच घडते. शाळेत शेण भरण्याचे काम मुलीवर येते, नकार दिल्याबद्दल तिला मार बसतो, आणि टोपल्या विणून संसार चालविणारी तिची आई त्या शिक्षकास अडवून बोलते. रत्नागिरी आणि मुझफ्फरनगर या जिल्ह्यांत शेकडो कोसांचे अंतर आहे, भाषा निराळ्या आहेत, तरीही या दोन प्रसंगांची घडण एक आहे. मुलाला उभे करते ते अपमान नव्हे. अपमानाला कोणी तरी दिलेले उत्तर त्यास उभे करते. तू याहून अधिक योग्यतेचा आहेस, हे एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने सर्वांदेखत सांगितले म्हणजे मुलाच्या ठिकाणी स्वाभिमान जन्म घेतो, आणि मग तो स्वाभिमान शिकावयास लावतो.

भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतही हीच साखळी दिसते. हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली. परंतु घरात सुभेदार रामजींची अभ्यासावर कडक नजर होती. आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला व कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांस भेट दिले. त्या परीक्षेत त्यांना किती गुण मिळाले ही गोष्ट गौण आहे. एका मुलाच्या उत्तीर्ण होण्याने संपूर्ण वस्तीची मान उंच झाली, आणि त्या वस्तीबाहेरच्या एका लेखकाने ग्रंथ देऊन त्याच्या योग्यतेवर विश्वास दाखविला, हे महत्त्वाचे आहे.

या निष्कर्षाला अलीकडच्या संशोधनानेही पुष्टी दिली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांना कागदावरची कोडी सोडविण्यास दिली आणि त्यांचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. मुलांची जात जाहीर केली नाही तेव्हा खालच्या समजल्या गेलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवीत होती. सर्वांसमक्ष जात उच्चारली गेली तेव्हा तीच मुले मागे पडली. बुद्धी एकच, कोडी एकच. बदलले ते फक्त आपल्याकडे कसे पाहिले जात आहे याचे भान. अवमानाने प्रेरणा वाढते असे म्हणणाऱ्यांनी या साध्या प्रयोगाचा विचार करावा.

येथे आत्मचरित्रांच्या साक्षीची एक मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. आत्मचरित्र लिहितो तो शिकलेला. शाळेच्या आवारात झाडू टाकून जो कायमचा निघून गेला, ज्याच्यासाठी कोणी जाब विचारला नाही, त्याने पुस्तक लिहिले नाही. अपमानाने माणसे घडतात हा समज पक्का होण्याचे एक कारण हेच की, ज्यांना अपमानाने मोडले त्यांची ग्रंथसंग्रहालयात नोंद नाही. विजयी माणसांच्या कथांवरून युद्धाचा गौरव करावा, तसा हा प्रकार आहे.

५

प्रतिष्ठेचा अडसर नेहमी वरूनच येतो असेही नाही. पुष्कळदा तो शेजारून येतो. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात पती शिकवू इच्छितो, पत्नी शिकू इच्छिते आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना मात्र ते सहन होत नाही. विशेषतः इंग्रजी शिकणे त्यांना खुपते. या विरोधाला केवळ जुनाटपणा म्हणणे अन्यायाचे होईल. घरातील स्त्रियांच्या मानाची एक उतरंड होती; वय, सोवळेओवळे, स्वयंपाकघरातील अधिकार यांवर ती उभी होती. अकराव्या वर्षी घरात आलेली सून पुस्तकाच्या बळावर ही उतरंड ओलांडू लागली, तर ज्यांनी आयुष्यभर कष्ट करून वरची पायरी गाठली होती त्यांच्या मानाचे काय, हा प्रश्न त्या विरोधामागे होता.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनात हाच अडसर अधिक उग्र रूपात येतो. ज्या जमातीवर इंग्रजी अमलात गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला होता, तिच्यातील एक मुलगा शाळेत जाऊ लागतो, आणि वस्तीत आजार पसरला तेव्हा त्याचे शाळेत जाणेच त्याला कारण ठरविले जाते. यात अंधश्रद्धा आहे हे उघड आहे. परंतु अंधश्रद्धेच्या पोटात एक सामाजिक तर्कही आहे. बाहेरच्या जगाने ज्यांना सर्व मान नाकारला, त्यांच्यापाशी एकमेकांत सारखे असणे एवढाच मान उरतो. जो शिकतो तो वेगळा होतो. आणि वेगळा होणारा सर्वांना उणे करून जातो.

हा अडसर कसा दूर होतो याचे सुंदर चित्र व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत आहे. धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर येतो, पण शाळेत मूल नाही. मेंढरे राखणाऱ्या पोराला अक्षर कशाला, हा वाडीचा प्रश्न खोटा नाही. शाळा भरू लागते ती वाडीचा कारभारी मन घालतो तेव्हा; आणि मास्तरला वाडीत स्थान मिळते ते त्याच्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर तो लोकांची लहानमोठी कामे करतो, त्यांच्या व्यवहाराला उपयोगी पडतो यामुळे. शाळेने वाडीला मान दिला, म्हणून वाडीने शाळेला मान दिला. जी शाळा मुलाला त्याच्या आईबापांची लाज वाटावयास शिकविते, तिला गावाने दूर ठेवले तर दोष सर्वस्वी गावाचा नाही.

६

मानासाठी घेतलेल्या शिक्षणाची खरी परीक्षा शिक्षण पुरे झाल्यानंतर होते. मान मिळाला तर प्रेरणेचे काय होते, आणि विद्या मिळूनही मान मिळाला नाही तर काय होते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९१७ सालच्या बडोद्याने दिले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी आपली जात न सांगता मुक्काम केला आणि तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशी विद्यापीठाचा शिक्का गावच्या उंबरठ्यापाशी निरुपयोगी ठरला. केवळ मानासाठी शिकलेला माणूस येथे खचला असता. आंबेडकरांचे अध्ययन यानंतर अधिकच विस्तारत गेले. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, ती इतरांसाठी. याचा अर्थ त्यांच्या ठिकाणी प्रतिष्ठेच्या इच्छेचे रूपांतर न्यायाच्या इच्छेत झाले होते, आणि न्यायासाठी ज्ञान लागते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या पुस्तकाची रचनाच त्यावर उभी आहे. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. म्हणजे शिकलेला, पांढरपेशा झालेला लेखक आणि त्याच्याच आतला वस्तीतील मुलगा हे समोरासमोर बसलेले आहेत. शिक्षणाने एका माणसाची दोन माणसे केली. वरच्या पायरीवर गेलेल्याला खालच्याची लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. हा दुभंग केवळ लेखनातील क्लृप्ती नव्हे; प्रतिष्ठेच्या मोबदल्यात मिळालेल्या शिक्षणाची ती किंमत आहे. जे शिक्षण पूर्वीच्या ‘मी’ला नाकारून पुढे जाते, ते त्या ‘मी’ला मारू शकत नाही, फक्त त्याचे तोंड बंद करते. ‘बलुतं’ मध्ये दगडू बोलू लागला, यातच त्या पुस्तकाचे मोठेपण आहे.

कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’ (१९८१) मध्ये आपल्या संस्कृत शिक्षणाची कथा सांगितली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलगी संस्कृतची एम्. ए. होते, या घटनेचे सभासमारंभांतून कौतुक होते. परंतु नोकरी मात्र मिळत नाही. ती मिळाली, ती सवर्ण कुटुंबात विवाह होऊन आडनाव बदलल्यानंतर. तेव्हा त्यांना जाणवते ते असे की, मान मिळाला तो कुमुद सोमकुवरला नव्हे, कुमुद पावडेला. विद्या तीच, व्यक्ती तीच. नाव तेवढे बदलले. सत्यकामाच्या कथेतील गौतमाचा तर्क तीन हजार वर्षांच्या आसपास उलटूनही जिवंत आहे, याचा हा पुरावा होय. गुण दिसला की त्याला प्रतिष्ठित कुळाचे नाव द्यावयाचे; ते देता आले नाही तर त्या गुणाचे कौतुक करावयाचे, पण त्याला जागा द्यावयाची नाही.

७

मग प्रतिष्ठेचा मुळीच स्पर्श नसलेली शिक्षणाची प्रेरणा असू शकते काय? बंगाली भाषेतील राससुंदरी देवी यांचे ‘आमार जीवन’ (१८७६) हे आत्मचरित्र या प्रश्नास होकारार्थी उत्तर देते. स्त्रीने वाचणे निंद्य मानले जात असता या गृहिणीने चैतन्यभागवताच्या पोथीचे एक पान काढून स्वयंपाकघरात लपविले आणि कामाच्या गर्दीत, घरच्यांची नजर चुकवून, अक्षर ओळखण्याचा ध्यास घेतला. या शिक्षणाला परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, पाहणारा कोणी नव्हता. कोणी पाहिले असते तर मान मिळण्याऐवजी असलेला मान गेला असता. प्रेरणा होती ती एकच : ती पोथी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावयाची. मानाच्या बाजारात ज्याला काहीही भाव नाही असे ज्ञान माणूस किती निष्ठेने मिळवू शकतो, हे त्या स्वयंपाकघराने दाखविले.

तथापि राससुंदरीचे उदाहरण पुढे करून, खऱ्या विद्यार्थ्याला प्रतिष्ठेची गरज नसते, असा उपदेश पददलितांस करणे हे क्रौर्य होईल. तिला अक्षर ओळखावयास अर्धे तारुण्य लपतछपत घालवावे लागले. जिज्ञासा ही सर्व मुलांत असते. पण लाजेच्या ओझ्याखाली ती फार थोड्यांत टिकते. म्हणून शाळेपुढचा प्रश्न मुलांचा अभिमान मारावा की चेतवावा असा नाही. मान हे शिक्षणाचे बक्षीस म्हणून शेवटी द्यावयाचे की शिक्षणाची अट म्हणून आरंभीच द्यावयाचे, हा खरा प्रश्न आहे. बक्षीस म्हणून दिला जाणारा मान थोड्यांनाच मिळतो, आणि ज्यांना मिळतो त्यांना तो शेजाऱ्याकडे पाहावयास शिकवितो. आरंभीच दिला जाणारा मान सर्वांना देता येतो. तो दिल्याने कोणाचा कमी होत नाही. गोणपाटाऐवजी बाक, झाडूऐवजी पाटी आणि हजेरीत आडनावाचा उच्चार इतरांच्या आडनावासारखाच, एवढ्या साध्या गोष्टींत तो सामावलेला आहे.

इतके झाले म्हणजे मुलाच्या मनातील मानाची चिंता मिटते आणि त्याचे लक्ष मोकळे होते. श्वेतकेतूला हे मोकळेपण मिळविण्यासाठी आधी ताठा सोडावा लागला. सत्यकामाला ते एका गुरूच्या स्वीकाराने मिळाले. दोघेही शेवटी एकाच जागी येऊन बसले : जेथे आपण कोण हा प्रश्न मागे पडतो आणि हे काय आहे हा प्रश्न पुढे येतो. मानासाठी केलेल्या घोकंपट्टीचे विद्येत रूपांतर होते ते या जागी. तेथपर्यंत प्रत्येक मुलाला पोहोचविणे हे शाळेचे काम. आणि ज्यांना वाटेतच परतविले गेले त्यांची आठवण जागती ठेवणे हे साहित्याचे.